गुडघा

अंगदने संगीताच्या बुटाची नाडी इतकी आवळली, की तिने पाय मागे ओढला.

"ढिली कर जरा, भाऊ."

"ऱ्हाऊ दे." मान वर न करता त्याने दुसरा बूट हातात घेतला. उजवा पाय लांब पसरून तो फरशीवर बसला होता. तो पाय दुमडत नसे. "पट काढायचा, खाली घ्यायची, आन मग गुडघा. शिट्टी व्हायच्या आत. ध्यानात हाय ना?"

"हाय."

केजच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये सकाळपासून पोरींच्या कुस्त्या चालल्या होत्या. काही वर्षांनी देशात मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होत्या. तिकडे गुजरातेत मैदानांची कामं निघाली होती आणि इकडे जिल्ह्याजिल्ह्यातून पोरी हेरल्या जात होत्या. आज जिंकणारीला पुण्याच्या शिबिरात जागा होती. दारावरच्या फलकावर मात्र गळ्यात हार घातलेल्या एका पोरीचा फोटो आधीच झळकत होता. सायली, विजयसिंहांची मुलगी.

संगीताच्या गावचे बडे जमीनदार विजयसिंह व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसले होते. थोड्या वेळापूर्वी माइकवर ते म्हणाले होते, "सगळं जग आपल्या देशात खेळायला येणार हाय. तवा आपल्या मातीतली एक तरी पोर तिथं दिसली पायजे." टाळ्या वाजल्या तेव्हा अंगदने भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले होते.

नारायणगडाच्या जत्रेत अंगदने विजयसिंहांच्या पुतण्याला चीत केलं, त्याच आठवड्यात चौसाळ्याच्या फाट्यावर तिघांनी त्याला अडवलं. लोखंडी गज फक्त गुडघ्यावर चालवला. कोणी पाठवलं हे गावाला ठाऊक होतं. पण घरची मेंढरं विजयसिंहांच्याच शिवारात बसायची. अंगद नाव घ्यायला लागला तेव्हा बापानेच त्याच्या तोंडावर हात ठेवला. संगीता तेव्हा लहान होती. त्या गुडघ्याला तापल्या विटेचा शेक देत देत ती मोठी झाली. पुढे अंगदनेच तिला घरामागच्या मातीत उतरवलं आणि एकेक डाव शिकवला. कशासाठी शिकवतो, हे तिने कधी विचारलं नाही.

शेवटच्या कुस्तीचा पुकारा झाला. एका बाजूला संगीता, दुसऱ्या बाजूला सायली.

हात मिळवताना सायलीचा तळवा थंडगार लागला. ती दिसायला तगडी होती, पण पंचांची शिट्टी होताच तिची नजर मॅट सोडून व्यासपीठाकडे गेली. संगीताने तेवढ्यात वाकून तिचा पाय ओढला, पट काढला. सायली पालथी पडली आणि तिचा पाय संगीताच्या काखेत आला. भिंतीजवळून अंगदचा आवाज आला, "आता!"

संगीताने घोटा घट्ट धरला. तिलाही हे हवं होतं, भावापेक्षा जास्तच हवं होतं. तिने श्वास रोखला.

"पीळ," सायली मॅटवर गाल टेकवून हळूच म्हणाली.

संगीताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पीळ की. सुटू दे मला एकदाची. आबा असं कुस्ती सोडू देणार न्हाईत."

संगीताचे हात जिथल्या तिथे थांबले. पुढच्याच क्षणी सायलीने गुरासारखी किंकाळी फोडली आणि मॅटवर हात आपटायला लागली. शिट्टी झाली. पंचांनी संगीताला बाजूला सारलं. सायली गुडघा कवटाळून लोळत होती.

विजयसिंह पायातल्या चपलांसकट मॅटवर धावत आले. लेकीजवळ बसताना त्यांचा फेटा कलला, तो सावरायचंही त्यांना सुचलं नाही. डॉक्टरने गुडघ्याला हात लावताच सायली पुन्हा किंचाळली. विजयसिंहांनी इकडे तिकडे पाहिलं. भिंतीला टेकून उभा असलेला अंगद त्यांना दिसला. अंगदने नजर हलवली नाही. शेवटी विजयसिंहांनीच मान खाली घातली.

पकड नियमातलीच होती. पंचांनी संगीताचा हात वर केला, पण टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. स्ट्रेचर तिच्या शेजारून गेलं. सायलीने कोपराने डोळे झाकले होते. श्वास मात्र संथ चालला होता, गाढ झोपेतल्या माणसासारखा.

जीप भरेपर्यंत दोघं भाऊबहीण स्टँडबाहेर भज्यांच्या गाड्यावर थांबले. अंगदने एक प्लेट संपवून दुसरी मागितली. गाडेवाल्याशी तो उगाच काहीबाही बोलला, हसलासुद्धा. तो असा हसतो, हे संगीता विसरूनच गेली होती.

"पुण्याला थंडी लई असती म्हणं," तो म्हणाला. "घोंगडं घेऊन जा."

"हं."

संगीताने कागदावरचं भजं मोडलं, खाल्लं नाही. हॉलमधून निघाल्यापासून ती दोनदा खरं काय झालं ते सांगायला गेली होती.

जीपवाल्याने हाक मारली. अंगद उठला, मग तिच्याजवळ वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "आवाज आलता का? मोडताना? माझा आलता. वाळलं लाकूड मोडल्यावानी. आजून कानात हाय."

संगीताने त्याच्याकडे पाहिलं. उत्तराची वाट बघताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा उघडा पडला होता.

"आलता," ती म्हणाली.