हरवलेल्या बारा वर्षांचा हरकतअर्ज

हैदराबादच्या गौलीगुड्यातील बावडी बुजवून तेथे वाहनतळ करण्याची नोटीस ज्या बुधवारी भिंतीवर डकविण्यात आली, त्या दिवशी हिम्मतराव ताटावरून उठून ती पुन्हा वाचून आले. नोटिशीत स्वच्छ लिहिले होते की, गेल्या पंधरा वर्षांत या बावडीत पाणी असल्याची कोणतीही नोंद नाही, आणि यास आधार राष्ट्रीय डिजिटल संग्रहातील तक्त्याचा आहे. हरकत असल्यास सोमवारी अकरा वाजता सुनावणीस हजर राहावे.

हिम्मतराव हे नारायणगुड्याच्या एका शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. शिक्षण सातवीपर्यंतचे, परंतु एक व्रत त्यांनी एकतीस वर्षे अखंड पाळले होते. दर महिन्याच्या दहाव्या दिवशी बावडीत दोर सोडावयाचा, पाणी किती हातांवर आहे ते पाहावयाचे आणि वहीत टिपून ठेवावयाचे. गुडघे निकामी झाले तेव्हाच हा नेम सुटला, आणि त्याच सुमारास महापालिकेने बावडीच्या तोंडावर सिमेंटच्या फरश्या टाकल्या. त्या वर्षी तारनाक्याच्या विद्यापीठातून ऋचाबाई नावाच्या संशोधक आल्या. त्यांनी सर्व वह्या नेल्या, त्यांची छायाचित्रे आणि आकड्यांचा तक्ता संग्रहात ठेवला, आणि मूळ वह्याही त्या संग्रहाच्याच स्वाधीन केल्या. "काका, आता या वह्यांना वाळवी लागणार नाही," असे त्या म्हणाल्या होत्या. वाळवी लागली नाही हे खरे.

"ह्या नोटिशीचा तक्ता म्हणजे माझ्याच वह्या की काय?" त्यांनी कन्येस विचारले.

तेजश्री बँकेत नोकरीस होती. तिने संगणकावर संग्रहाचे पान उघडले. "तुमच्याच, बाबा. नावपण आहे. पण नोंदी दोन हजार नऊला संपतात."

"असं कसं? मी तर करोनातसुद्धा तोंडाला फडकं बांधून दोर टाकला!"

"इथे तर नऊच लिहिलंय. मूळ पानं पाहायला परवानगी लागते म्हणे. संस्थेचं नाव टाका, हुद्दा टाका." मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या बँकेचं नाव टाकू का? कोण बघतंय?"

"नक्को. ज्यानं लिहिलं त्यानंच खोटं नाव सांगून आपली वही पाहायची? त्यापरीस न पाहिलेली बरी."

पाने बंद असली तरी तक्ता सर्वांस खुला होता. हिम्मतरावांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटाखालून सरकवू लागले. अखेरच्या वर्षापाशी त्यांचे बोट थबकले. तेथे लिहिले होते, पाण्याची सर्वांत वरची पातळी, काठापासून दोन हात, जानेवारी दोन हजार नऊ.

"जानेवारीत?" ते उद्गारले. "अगं, जानेवारीत बावडी काठोकाठ भरते का कुठं? ही तर त्या पुराची नोंद! अख्खं हैदराबाद पाण्यात होतं, दोन हजार वीसचा ऑक्टोबर. तुझी स्कूटर वाहून गेली नव्हती का?"

तेजश्रीने वडिलांकडे पाहिले. "बाबा, तुम्ही वहीत सन कोणता घालत होता?"

"कोणता म्हणजे? सन तो सन. चौदाशे तीस, महिना पहिला."

"हा कुठला सन?"

तेव्हा सर्व प्रकार उलगडला. हिम्मतरावांचे वडील निजामी अमदानीत पटवाऱ्याच्या हाताखाली लिखापढी करीत. त्या घरात फसली, म्हणजे निजामाच्या महसुली, सनाखेरीज दुसरा सन कधी नांदलाच नाही. या निजामी फसली सनात पाचशे नव्वद मिळविले की इंग्रजी साल निघते, आणि त्याचा पहिला महिना ऑक्टोबरात सुरू होतो. परंतु 'फसली' हा शब्द हिम्मतरावांनी एकाही पानावर लिहिला नव्हता. स्वतःच्या घराच्या दारावर 'घर' असे कोणी लिहितो काय? ऋचाबाईंनी शहर पाहिले, चौदाशेचा आकडा पाहिला, आणि तो मुसलमानी हिजरी सन समजून हिशेब केला. हिजरी चौदाशे तीसचा पहिला महिना म्हणजे जानेवारी दोन हजार नऊ. एवढ्या एका समजुतीने सर्व नोंदी अकरा-बारा वर्षे मागे सरकल्या.

गुरुवारी त्यांनी संग्रहास दूरध्वनी केला. पलीकडे अविनाश नावाचे कर्मचारी होते. त्यांनी ऐकून घेतले, हेच नवल.

"आजोबा, दुरुस्ती फक्त ठेव ठेवणाऱ्यालाच करता येते. म्हणजे ऋचा मॅडमना."

"आणि दोर टाकणाऱ्याला काही अधिकार?"

"तसा रकाना नाही आमच्याकडे," अविनाश ओशाळून म्हणाले. "पण हरकत कुणीही नोंदवू शकतं. आपलं नाव आणि कारण लिहायचं. हरकत नोंदली की पानाच्या माथ्यावर 'तारखा वादग्रस्त' अशी पट्टी लागते. मात्र ती सगळ्या देशाला दिसते, तुमच्या नावासकट. विचार करा."

प्रथम माणसास माणूस म्हणून भेटावे, हा हिम्मतरावांचा शिरस्ता. शुक्रवारी ते तारनाक्यास गेले. ऋचाबाईंनी तक्ता पाहिला, जानेवारीची ओळ पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, तुम्ही फसली म्हणून सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही, बाई. चूक दोघांची."

"माझा प्रबंध ह्याच तारखांवर उभा आहे हो. तिघांनी त्यावर पुढचे लेख लिहिलेत. पुढच्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत आहे." त्या उठल्या, दार लोटून घेतले. "असं करू. मी पत्र देते की तुम्ही माझे सहायक आहात. मूळ पानं लगेच मिळतील. ती सुनावणीत दाखवा, बावडी वाचवा. तारखांचं मी मागाहून पाहीन, सावकाश."

"मी तुमचा सहायक कधी होतो?"

"नुसतं कागदोपत्री, काका."

"कागदोपत्रीच तर बावडी मेली, बाई! मी पानं घेऊन भांडेन, पण तक्ता तसाच राहणार. उद्या दुसरा साहेब तोच तक्ता काढील. तेव्हा मी असेन का?"

ऋचाबाई जरा कठोर झाल्या. "मग हेही ऐका. हरकत घेतलीत तर लोक म्हणतील, ज्याला सनही नीट लिहिता आला नाही त्याचे आकडे काय कामाचे? एकतीस वर्षं पाण्यात जातील."

हा घाव वर्मी बसला. त्या वह्यांखेरीज हिम्मतरावांच्या आयुष्यात दाखविण्याजोगे होते तरी काय? मग ते उठले.

"पाण्यातूनच काढली होती ती वर्षं," ते म्हणाले. "जातील तर जाऊ द्या. पण खोट्या तारखेखाली माझं नाव नको. मी हरकत घेणार. तुम्ही दुरुस्ती करा, न करा, ते तुमच्या मनावर."

त्याच संध्याकाळी तेजश्रीने अर्ज टंकला आणि हिम्मतराव सांगत गेले. पहिलेच वाक्य असे होते: 'सन फसली आहे असे न लिहिणे ही माझी चूक आहे.' तेजश्री म्हणाली, "हे कशाला सुरुवातीलाच?" ते म्हणाले, "दुसऱ्यानं काढायच्या आत आपली आपण काढावी." पुढे पुराची ओळ दिली, जानेवारीची विसंगती दिली, आणि खाली पूर्ण नाव घातले. घटकाभरात पानाच्या माथ्यावर लाल पट्टी झळकली.

सोमवारी सुनावणीस शिवराज नावाचे अधिकारी होते, भालकीकडचे. त्यांच्या मराठीत दखनी कालवलेली. त्यांनी पान उघडले आणि कपाळाला आठी घातली.

"चाचा, हे काय को करून ठेवलं? आता मी ह्या तक्त्यावर सही कशी करू?"

"करू नका."

"ऋचा मॅडमचा काही खुलासा?"

"त्यांचा त्यांना विचारा. माझा मी दिला."

शिवराजांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज गोड केला. "बघा, फरश्यांखाली आज पाणी असलं तरी गटाराचं असेल. हरकत मागे घ्या. वाहनतळाच्या दारात संगमरवरी पाटी लावतो. 'येथे बावडी होती, हिम्मतरावांनी तिचे पाणी मोजले.' इज्जतीचं काम आहे की नाही?"

मागील बाकावर कोणी हसले. तेजश्रीने वडिलांचा सदरा हळूच ओढला. परंतु ते उभेच राहिले.

"साहेब, पाटी मेलेल्याची लावतात. फरश्या काढा, पाणी तपासा. गटाराचं निघालं तर पहिलं फावडं मी मारतो. पण वादातल्या तक्त्यावर बावडी बुजवलीत, तर पुढची हरकत तुमच्या सहीवर घेईन. अर्ज कुठं करायचा ते आता ठाऊक झालंय मला."

शिवराजांनी पडद्यावरची लाल पट्टी पुन्हा एकदा वाचली. शेवटी त्यांनी लेखणी उचलली. "तारखांचा वाद मिटेपर्यंत काम स्थगित. फरश्या काढून पाण्याची तपासणी," असे त्यांनी मोठ्याने म्हणत लिहिले. "झालं समाधान? जावा आता."

"नाही," हिम्मतराव म्हणाले. "ह्या हुकुमाची शिक्क्यासह नक्कल द्या. आणि त्यावर सन लिहा, कोणता तेही लिहा."