हातची कोंबडी

"सवाल साफ लिखो," मुफ्तीसाहेब म्हणाले. "किसने खाया, क्या खाया, और किसने खिलाया."

हैदरने कागदावर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. बावन्न वर्षांत त्याने रेशनकार्डाचे, गॅसचे, रजेचे अर्ज पुष्कळ लिहिले होते. मशिदीला लागून असलेल्या या खोलीत लोक तलाकचे, वाटणीचे, रोज्यांचे प्रश्न विचारायला येत. त्याचा प्रश्न दोन ओळींचाच होता. मशीनने कापलेली कोंबडी हलाल आहे का? एका माणसाने ती स्वतःच्या हाताने कापल्याचं सांगून आईला खायला दिली. आता आई नाही.

मुफ्तीसाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"ये शख्स कौन है?"

"मैंच हूं, हजरत."

फुलंब्री रस्त्यावर कोंबड्यांचा एक कारखाना आहे. तिथे हैदर एकवीस वर्षं जबह करत होता. साखळीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या एकामागून एक समोर येत. डाव्या हाताने मान धरायची, अल्लाहचं नाव घ्यायचं, सुरी फिरवायची. नाव प्रत्येक कोंबडीवर वेगळं घ्यायचं. संध्याकाळी मुकुंदवाडीत घरी यायचा तेव्हा ओठ कोरडे पडलेले असत. त्याची आई आबेदा गल्लीतल्या बायकांना कौतुकाने सांगायची, "मेरा बेटा दिनभर अल्ला का नाम लेता." दुकानातली कोंबडी ती खात नसे. तिथली माणसं मोबाइलवर बोलत कापतात, नाव घेतात की नाही कोण जाणे, असं तिचं म्हणणं. हैदर पाळी संपताना शेवटची एक कापून बाजूला ठेवी. तेवढीच ती खाई.

मग कारखान्यात मशीन आलं. गोल फिरणारं पातं. मॅनेजर अभयने त्याला खांद्यावर हात ठेवून समजावलं, "हैदरभाई, तुम्ही सकाळी बटण दाबताना नाव घ्यायचं. बाकी कागदपत्रं आहेत आपल्याकडे." शिवाय पात्यातून सुटलेल्या कोंबड्या हाताने कापायला त्याला पुढे उभं केलं. एखादी लहानखुरी, एखादी मान आखडून घेणारी. शंभरात दोन-तीन. पुढे साखळीवरून एकही मधे न उतरवता सगळ्याच गरम पाण्याच्या टाकीत जात, पिसं निघत, आणि त्यानंतर पात्याची कुठली नि आपली कुठली, हे हैदरलाही ओळखता येत नसे.

"हाताला आराम झाला बघा," कचरू म्हणाला होता. जिवंत कोंबड्या साखळीला टांगायचं काम त्याचं. चौदा वर्षं दोघं एकमेकांसमोर उभे होते. "लई राबला तुमचा हात."

हैदरने घरी काही सांगितलं नाही. कोंबडी आता बाहेर नेऊ देत नाहीत, एवढंच म्हणाला. आबेदाने जास्त विचारलं नाही. बायकांना मात्र ती अजून तेच सांगायची, आणि तिचं ते बोलणं कानावर पडलं की हैदर तोंड धुवायला मोरीत जायचा. उद्या सांगू, उद्या सांगू करत आठ महिने गेले.

त्यानंतर तिची मूत्रपिंडं निकामी झाली. दवाखान्याने घरी न्यायला सांगितलं. चार दिवस पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी तो कामाला निघाला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं.

"शोरबा पीना है रे. तेरे हात की मुर्गी का."

त्याने अभयकडे एक जिवंत कोंबडी मागितली. रोगराईच्या नियमामुळे जिवंत पक्षी बाहेर काढता येत नव्हता. पण अभय भला माणूस. त्याने तयार कोंबडीची पिशवी आणून दिली. "आईसाठी ना? न्या. आणि आज लवकर निघा." वाटेत जिवंत कोंबडी घेऊ, घरी आपल्या हाताने कापू, असं हैदरने ठरवलं होतं. इतक्यात उजमाचा, त्याच्या बायकोचा फोन आला. अम्मी डोळे उघडत नाहीत, लवकर या. बाजारात उतरला असता तर वीस मिनिटं गेली असती. तो थेट घरी आला. पिशवीतली आपणच कापलेली असेल, शंभरातल्या दोन-तीनांतली, असं स्वतःला सांगत आला.

उजमाने शोरबा केला. वासाने म्हणा, कशाने म्हणा, आबेदाने डोळे उघडले. वाटी दोन्ही हातांत धरून तिने विचारलं,

"तेरे हात की है ना?"

"हौ, अम्मी."

"नाम लिया?"

"लिया."

तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्याला तिथे थांबवेना. तो नमाजला निघून गेला. परत आला तेव्हा वाटी रिकामी होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

मुफ्तीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते सावकाश सांगत गेले. मशीन सुरू करताना मुसलमानाने नाव घेतलं तर चालतं, असं काही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, म्हणतात. पण पातं विजेवर फिरतं, माणसाच्या हाताने नाही, आणि नाव प्रत्येक जिवावर घ्यायला हवं, म्हणून आपले बुजुर्ग ते मान्य करत नाहीत. "लेकिन मां ने पूछा, बेटे पर यकीन किया. उन पर कोई गुनाह नहीं."

"और मेरे पर?"

"लिख के दूंगा. जुमेरात को आओ."

घरी उजमा मेथी निवडत बसली होती. आई गेल्यापासून चाळीस दिवस त्याने तिलाही काही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. तिचे हात थांबले. ती फुलंब्रीकडच्या खेड्यातली. मनातलं बोलायचं असलं की तिच्या तोंडी मराठीच यायची.

"अम्मीनं मला कसम घातली होती," ती म्हणाली. "पर आता नाय ठेववत. त्यांना मशीनचं ठाऊक होतं. कचरूभाऊ दवाखान्यात बघायला आले, तेच बोलून गेले. तुमच्या हाताला आता आराम हाय म्हणून."

"मग मागितली कशाला?"

"त्यांना वाटलं, तुम्ही घरी कापून द्याल. डोळे उघडल्यावर कारखान्याची पिशवी दिसली त्यांना, तरी विचारलं. तुम्ही बाहेर गेले, अन् वाटी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, मांजरीला घाल, वाटी धुऊन माझ्या उशाशी ठेव. हैदरला बोलू नको."

"काहीच नाही घेतलं?"

"वास घेतला. चांगला झालाय म्हणाल्या." उजमाने पदराने नाक पुसलं. "मी विचारलं, अम्मी, ठाऊक होतं तर पुसलं कशाला त्यांना? तर म्हणाल्या, खरं बोलला असता तर म्हणले असते, जा बेटा, दुसरी घेऊन ये. मी थांबते तवर."

हैदर भिंतीला टेकून बसला. त्याने विचारलं,

"नंतर जाईपर्यंत काय खाल्लं तिनं?"

"खजूर भिजवून दिला होता."

"किती?"

"अर्धा."

गुरुवारी तो पुन्हा त्या खोलीत गेला. मुफ्तीसाहेबांनी रजिस्टरखालून घडी केलेला कागद काढून पुढे केला. हैदरने हात पुढे केला नाही.

"उसने खायाच नहीं था, हजरत."

मुफ्तीसाहेबांनी कागद पुन्हा रजिस्टरखाली ठेवला. "और कुछ पूछना है?"

हैदरने नकारार्थी मान हलवली. दारात एक म्हातारा आपला प्रश्न लिहून द्यायला ताटकळत उभा होता. हैदर उठला, त्याला आपल्या जागेवर बसवलं, आणि बाहेर येऊन उन्हात चपला शोधू लागला.