कृपाबाई माझ्यावर बसत नाही

मी खुर्ची. सागवानी, वेताच्या बैठकीची, दोन हातांची. त्यातला एक हात मोडलाय. तो कसा मोडला ते सांगते, ऐकायचं तर ऐका.

झाड होते तेव्हाचं अंधुक आठवतं. पाय जमिनीत, डोक्यात पोपटांचा गलबला, अंगावर पहाटेचं दव. झाड जन्मभर उभं असतं. त्याला कुणी 'बस' म्हणत नाही. मग करवत आली. पुढचं सगळं झोपेत घडल्यासारखं झालं. मिशनच्या आवारातल्या याकोब सुतारानं मला घासलं, तेल पाजलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा बये, लोकांचा भार वाह."

मी आले नगरपालिकेच्या सभागृहात. नगर जिल्ह्यातलंच गाव. नाव सांगत नाही, इथली माणसं अजून जिवंत आहेत. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, साखर मिळेना, सभा मात्र दर महिन्याला व्हायची. खिडकीबाहेर एक नवं कारंजं होतं, कुणी बडा साहेब येणार म्हणून घाईनं बांधलेलं. साहेब आला, गेला. कारंजं झुळझुळत राहिलं. उन्हाच्या वेळी त्या आवाजानं सभासदांच्या डोळ्यांवर झापड यायची. मीही पेंगायचे.

माणूस बसला की मला कळतो. घाबरट कडेला टेकतो, पैसेवाला पसरतो, खोटं बोलणारा सारखं बूड हलवतो.

त्या सभेत एक रिवाज होता. प्रश्न विचारायचा तर उभं राहून. विचारणारा खाली बसला की चिटणीस लिहायचे, 'सभासदाचे समाधान झाले.' झालं! प्रश्न मिटला, वर्षभर पुन्हा काढायचा नाही. अध्यक्ष श्रीमंतराव ह्या एवढ्यावर राज्य करत होते. आवाज कसा, साय पडलेल्या दुधासारखा. "बसा, बसा, उन्हाचा कशाला त्रास घेता?" एवढा मोठा माणूस बसा म्हणतो, मग उभं राहणं बरं दिसतं का? लोक बसायचे. आपल्या लोकांची ही जुनीच खोड. मान मिळाला की मागणं विसरतात.

माझ्यावर बसायची कृपाबाई. बायकांच्या राखीव जागेवरून निवडून आलेली. पुणतांब्याची लेक, इथल्या खालच्या आळीत दिलेली. चौथी शिकलेली, दवाखान्यात बाळंतपणं करायची. खालच्या आळीला नळ नव्हता. बाया हंडे घेऊन बारवेत उतरायच्या, आणि बारवेच्या पायऱ्या ढासळलेल्या. त्याच पायऱ्यांवर पडून कृपाबाईचा गुडघा मोडला होता. आता तिची सून मेरी पोटुशी होती आणि रोज त्याच पायऱ्या उतरत होती.

नळाची रक्कम दोन वर्षं अंदाजपत्रकात मंजूर होत होती. नळ काही येत नव्हता. दोन्ही वर्षी कृपाबाईनं विचारलं, दोन्ही वर्षी श्रीमंतराव गोड बोलले, दोन्ही वर्षी ती बसली. गुडघा ठणकायचा हो. ती टेकली की मला तिच्या अंगातली कळ उतरताना कळायची. आणि तिकडे चिटणीसांचा टाक कुरकुरायचा, समाधान झाले.

तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत ती उठली.

"अध्यक्षसाहेब, खालच्या आळीचा नळ कुठं हाय?"

"कृपाबाई, लढाई चालू आहे. लोखंडी नळ्या मिळत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. बसा."

"मंग ह्या कारंज्याला काय बांबू लावलाय?"

सगळे हसले. कापडवाले छगनशेठ म्हणाले, "अहो बाई, गावाची शोभा असते ती."

"शोभा तुमच्या अंगणात न्या, शेठ. आमाला हंडाभर पाणी द्या."

"विचार करू," श्रीमंतराव म्हणाले. "बसा आता."

"करा की विचार. मी उभी हाय."

चिटणीसांचा टाक हवेतच राहिला. ती बसेना, तर समाधान लिहायचं कसं? आणि ते लिहिल्याशिवाय पुढचं कलम घ्यायचं कसं? अंदाजपत्रक तर त्याच दिवशी मंजूर व्हायला हवं होतं.

ऊन खिडकीतून आत आलं, टेबलावर पसरलं, हळूहळू भिंतीवर चढलं. कारंजं झुळझुळत होतं. मी तिच्या मागे वीतभर अंतरावर. तिचा गुडघा लुगड्याआड थरथरताना मला दिसत होता. बस ग बये, मी मनात म्हणत होते, टेक जरा. दुसरं काय म्हणणार? माझा जन्मच त्यासाठी.

मग मला पेंग आली असावी. सभागृह विरघळलं आणि रान झालं. पानांची सळसळ, ओल्या मातीचा वास. टेबलाभोवती सगळी तोडलेली खोडं बसली होती, फेटे बांधून, टोप्या घालून. मधोमध एकच झाड उभं होतं, किनारीचा पदर खोचलेलं. त्या झाडाला मी कसं म्हणू, बस म्हणून?

"बाई, पाय दुखतील," छगनशेठांच्या आवाजानं मी जागी झाले.

"दुखत्यातच. तुमच्या बारवेनं मोडलाय, इचारा तिला."

श्रीमंतरावांची साय आता फाटली होती. "गोरख, बाईंची खुर्ची पुढे सरकव."

गोरख शिपायानं मान खाली घालून मला ढकललं. माझी कड तिच्या गुडघ्यामागे टेकली. पाय लवला. चिटणीसांनी टाक दौतीत बुडवला. मी मागे सरकायला बघत होते, पण खुर्चीला कुणी ओढल्याशिवाय सरकता येतं का?

ती वळली. माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी मला उचललं आणि धाडकन टेबलावर उलटं आपटलं, चारी पाय आढ्याकडे.

"घ्या. आता बसायला कायबी न्हाई. लिव्हा काय लिव्हायचं ते!"

माझा उजवा हात तेव्हाच मोडला. पण दुखलं नाही. उलट्या नजरेला सारी सभा वटवाघळांसारखी लटकलेली दिसत होती आणि कारंजं आभाळातून खाली पडत होतं. इतकं गमतीदार काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. दिवेलागण झाली. छगनशेठच शेवटी पुटपुटले, "रावसाहेब, देऊन टाका. ही काय बसत नाही."

"बरं!" श्रीमंतराव ओरडले. "कारंज्याच्या नळ्या उपटा आणि खालच्या आळीला घाला. झालं समाधान?"

"चिटणीसभाऊ, आधी लिव्हा," कृपाबाई म्हणाली. "मंग मोठ्यानं वाचा."

त्यांनी लिहिलं आणि वाचलं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीला धरून, लंगडत बाहेर गेली.

चार दिवसांनी कारंजं गप्प झालं. खालच्या आळीत नळ आला. पहिली धार गंजानं लालभडक, मग निवळशंख. मेरीनं बारवेची वाट सोडली. तिला मुलगी झाली, आणि पाणी दारातलंच तापवलं.

मोडकी म्हणून मला सभागृहाच्या मागे टाकलं होतं. गोरखनं एक दिवस खांद्यावर घालून मला नळाशी आणून ठेवलं. मला वाटतं, मान खाली घालून ढकललं होतं ते त्याच्या मनात राहिलं असावं. तेव्हापासून मी इथंच. वेत कुजला, त्यावर फळी ठोकलीय. बायका माझ्यावर भरलेले हंडे ठेवतात. नीट बसणारं ओझं ते. लबाडी नाही त्याच्यात.

तुम्हाला एवढंच सांगते. मोठ्या माणसानं गोड आवाजात 'बसा' म्हटलं, तर आधी उत्तर घ्या. खुर्ची कुठं पळून जात नाही. आम्हाला लई वेळ असतो.

आज सकाळी कृपाबाई आली. नळाखाली हंडा लावला, आळीत कुणी नाही असं बघून हळूच माझ्यावर टेकली. किती वर्षांनी! तिनं डोळे मिटले. मीही मिटले. पाण्याचा आवाज, तिचं वजन, आणि मला पुन्हा पोपट ऐकू यायला लागले.

तेवढ्यात धार बारीक झाली. दोऱ्याएवढी.

तिनं डोळे उघडले. "आरं तुमच्या!" म्हणाली, पदर खोचला आणि अर्धा हंडा तसाच ठेवून लंगडत निघाली नगरपालिकेकडे.

मी रिकामी आहे. बरं वाटतंय.