झिजलेली कड

चांदीवाल्याने चमचा उलटा केला, भिंग डोळ्याला लावलं आणि दांड्यामागचे शिक्के एकेक करून तपासले. थोरलीचा जीव टांगणीला लागला. आईने बाराही चमचे धाकट्याला द्यायचं ठरवलं होतं. ते अस्सल आहेत की नाही, हे बघून आणायचं काम तेवढं थोरलीच्या गळ्यात पडलं होतं.

"अस्सल आहेत," तो म्हणाला. "हा कारागिराचा शिक्का, हा चांदीच्या कसाचा. दांड्यावरचा बगळा म्हणजे कुठल्या तरी साहेबाच्या घराण्याचं चिन्ह. वापरात होते?"

"छे! आई कपाटाला हात लावू द्यायची नाही. मला तर मुळीच नाही."

थोरली जन्माची डावखुरी. लहानपणी जेवायला बसली की आई तिचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधून टाकायची. हाताला वळण लागलं, पण मायलेकींमध्ये जी अढी पडली ती पडलीच. चमचे धाकट्याला चाललेत याचं तिला नवल वाटलं नव्हतं. वाईट मात्र वाटलं होतं.

"मग हा एक कोणी वापरला?" त्याने एक चमचा बाजूला काढला. "उजव्या हाताने खाणाऱ्याचा चमचा डाव्या कडेने झिजतो. वाटी खरवडताना तीच कड घासते. हा उजवीकडून झिजलाय. कोणीतरी डाव्या हाताने वर्षानुवर्षं खाल्लंय याने."

"आमच्याकडे डावखुरी मी एकटीच."

"मग तुम्हालाच ठाऊक," म्हणत त्याने चमचे फडक्यात गुंडाळले.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. वडील उजवे. आत्या उजवी, आणि चोरून केलेलं काही तिच्या पोटात राहिलंच नसतं. कामाच्या बाईंवर आळ घ्यावा, तर कपाटाची किल्ली आईच्या उशाखालून कधी हललीच नव्हती. शेवटी, आपणच झोपेत उठून खात होतो की काय, इथवर तिची मजल गेली. मग ती जिन्यातच थांबली. किल्ली उशाखालून हलली नव्हती.

दुपारी तिने आईसमोर दह्याची वाटी ठेवली आणि शेजारी तो चमचा. आईने चमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नेहमीसारखा उजव्या हाताने उचलला.

थोरली स्वयंपाकघरात गेली. उगाच भांडी वाजवली, नळ सोडला. मग नळ तसाच वाहता ठेवून हलक्या पावलांनी दाराशी आली.

आई वाटीचा तळ खरवडत होती. डाव्या हाताने, भराभर, अगदी सराईतपणे. असा मोकळा हात थोरलीने या घरात कधी पाहिला नव्हता. तिला राग आला, हसू आलं, आणि रुमालाची ती गाठ आठवून रडूही आलं. यातलं आधी काय करावं हे तिला कळेना.

आईने मान वर केली. दोघींची नजरानजर झाली. चमचा डाव्या हातातच राहिला.

"नळ बंद कर," आई म्हणाली. "आणि धाकट्याला अकराच पाठव."

"आणि हा?"

आईने चमचा पदराच्या टोकाने सावकाश पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"त्याच्या हातात हा नीट बसायचा नाही."