हिरव्या रिबिनीचा घोडा

मी एक जुना घोडा आहे. जन्म बॅलरॅट गावाजवळचा. शर्यतीत शेवटून पहिला यायचो, म्हणून तरुणपणीच विकला गेलो. माझे खरे नाव पिकल. पण मला घेणारी मंडळी सुट्टीच्या दिवशी चिलखते घालून, जुन्या सरदारांची सोंगे घेऊन मध्ययुगात राहायला जातात. तेव्हा मी ‘महाराज वज्रखूर’ असतो. मित्रांनो, काम वाईट नव्हते. भालेवाला स्वार पाठीवर घेऊन फिरत्या लाकडी पुतळ्याकडे दौडायचे आणि टाळ्या ऐकत गाजर खायचे. ताप होता तो पुढाऱ्यांचा.

आम्ही घोडे मोजके, पदे मात्र उदंड. डेस्मंड एरवी नळ दुरुस्त करतो. इथे तो अश्वप्रमुख. रोंडा उपप्रमुख. क्रेग सुरक्षाप्रमुख. आमचे पाणी कोणी भरायचे यावर त्यांची सभा बसते, आणि ती उठेपर्यंत पाऊस पडून हौद भरलेला असतो.

त्यांचा एक नियम मात्र चांगला होता. जेवणाच्या सुट्टीत आमच्या पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, सैल करायचा. नंतर तो आवळून तपासायचा आणि तपासणाऱ्याने लगामाला हिरवी रिबीन बांधायची.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर टॅमसिनची पहिली स्पर्धा होती. पोरगी रोपवाटिकेत काम करते, मला हळू हाताने खरारा करते. तिची आई ग्लेनिस केक घेऊन आली होती. जुन्या काळी लढाईला निघालेल्या स्वाराला मायेची माणसे फीत बांधत, असे तिला कोणीतरी सांगितले. तिने केकच्या डब्याची रिबीन सोडली आणि कौतुकाने माझ्या लगामाला बांधली. ती हिरवी होती.

तंग आवळला का, असे डेस्मंडने लांबूनच विचारले. रोंडा म्हणाली, “झालंय की. रिबीन दिसत नाही का?” क्रेगनेही मान डोलावली. तिघांपैकी एकाचाही हात माझ्या पोटाला लागला नाही. टॅमसिन स्टुलावर चढून अलगद बसली. तंग लोंबत होता. भरधाव वळलो असतो तर खोगीर फिरले असते आणि पोरगी माझ्याच टापांखाली आली असती.

मी जागचा हललो नाही. ढोल वाजले, टाच बसली, लोक हसले.

“चल की रे बाबा, लाज काढतोस चारचौघांत,” डेस्मंड म्हणाला.

“थकलाय तो. पेन्शनीत काढा आता,” रोंडा म्हणाली.

“सुरक्षेच्या दृष्टीने घोडा बदलावा,” क्रेग म्हणाला. तपासणीखेरीज त्याला सगळे सुचत होते.

तेवढ्यात ग्लेनिस कुंपणापाशी आली. “माझ्या रिबिनीनं बुजला का हो तो? काढू का?”

“तुमची?” डेस्मंड म्हणाला. त्याने तंगाखाली हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. “टॅमसिन,” तो हळूच म्हणाला, “खाली उतर, बाळा.”

संध्याकाळी सभा झाली. आता धडा घेतील म्हणून मी कान टवकारले. त्यांनी ‘रिबीनप्रमुख’ असे नवे पद काढले, आणि त्यासाठी दोघे भांडले.

मित्रांनो, पदे खुशाल घ्या, बिल्ले मिरवा. पण ज्याच्या पाठीवर बसायचे, त्याच्या पोटाखाली आधी आपला हात घालून बघा. दर वेळी अडून बसायला माझे गुडघे आता साथ देत नाहीत.