अर्ध्यात उतरणारी बॅटरी

साखरा गावच्या अमृतरावांनी सोलरच्या बॅटऱ्यांचा अंदाज काढायला देविदासला बोलावलं, तेव्हा घरात माणसं दोनच होती: ते आणि रुख्मिणीबाई. लोड मात्र त्यांनी निम्म्या गल्लीचा सांगितला.

"ओट्यावर दोन पंखे, मोठा टीव्ही, तीन बल्ब. चार तास चालायला पायजे."

तांड्यावरचा देविदास गावोगाव सोलर बसवायचा. "काका, बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसती, एखादा ढगाळ दिवस बी धरावा लागतो. एवढ्याला चार लागत्याल. तुमा दोघांला एक बास. काहून, लगीन हाय का घरी?"

लग्न नव्हतं. अमृतरावांच्या डोक्यात जुना जमाना होता, गल्लीत एकच टीव्ही होता आणि तो त्यांचा होता तेव्हाचा. लाईट गेली की ते ट्रॅक्टरची बॅटरी खोलून ओट्यावर आणत, चिमटे लावत, आणि गल्ली फरशीवर मांडी घालून बसे. सकाळी ट्रॅक्टर ढकलून चालू करावा लागे; पण ढकलायला रात्रीचे प्रेक्षक हजर असत. तिकीट तेवढंच होतं.

आता घरोघरी इन्व्हर्टर. लाईट गेल्याचं गल्लीला कळतही नसे. बॅटरी मोठी घेतली, टीव्ही मोठा लावला, की माणसं परत ओट्यावर येतील, असा अमृतरावांचा सरळ हिशोब.

"टीव्ही चालू होता तवर कोन बोलत होतं तुमच्यासंगं?" भाकरी थापता थापता रुख्मिणीबाई आतून म्हणाल्या. "समोरची कमलबाई तर 'सरका, दिसंना' एवढंच म्हनायची. बॅटरी उतरली का मंग गप्पा सुरू व्हायच्या."

खरंच होतं. मालिकेतल्या पोरीचं लग्न जुळलं का मोडलं, हे टीव्हीनं कधीच सांगितलं नाही. ते शेजारच्या संतरामनं सांगितलं, तेही दरवेळी वेगळं.

अमृतरावांनी मिशी कुरवाळली. "देविदास, अशी बॅटरी दे, का अर्ध्यात उतरली पायजे."

देविदासनं कॅल्क्युलेटर खाली ठेवला. बॅटरी पुरावी असा हिशोब त्याला शिकवला होता. पुरू नये असा कोणी विचारला नव्हता. "देतो, काका. पन मी बसवली म्हनून कोनाला सांगू नका."

एकच बॅटरी आली, तीही लहानशी. पुढच्याच आठवड्यात दिवेलागणीला लाईट गेली. गल्ली लखलखीत राहिली आणि तासाभरात अमृतरावांचं घर तेवढं अंधारात गडप झालं.

"काय भावजी, सोलर झोपलं का?" कमलबाईंनी समोरून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या स्वतःच बघायला आल्या. मागून संतराम, त्याच्यामागून त्याचा भाऊ, मग आणखी दोघं-तिघं. दुसऱ्याच्या चालू वस्तूकडं गाव ढुंकूनही बघत नाही. बंद पडलेल्या वस्तूला मात्र सगळे नातेवाईक.

मोबाईलच्या उजेडात संतरामनं बॅटरीचं बूच उघडलं. "पानी कमी हाय."

"पानी बराबर हाय, वायर कच्ची हाय," भाऊ म्हणाला.

"सोलरच खोटं," म्हणत कमलबाई ओट्यावर टेकल्या आणि पुसेगावच्या भाच्याच्या पंपाची गोष्ट त्यांनी सुरू केली. तिच्यात हळूहळू भाच्याची सासूही शिरली. रुख्मिणीबाईंनी चहाचं मोठं पातेलं चढवलं.

"दादा, फसवलं तुमाला," संतराम कळवळून म्हणाला. "उद्याच दुरुस्त करून घ्या."

"घेऊ की," अमृतराव सतरंजीवर सरकून त्याला जागा करत म्हणाले. "तू बस तर आधी. काय घाई हाय?"