साडेसात इंचांवर खडक

निघोज्याच्या ओढ्याकाठी, कंपनीच्या कुंपणाला लागून असलेल्या जागेत फाल्गुनातल्या एका सकाळी मोजणी झाली. खड्डे दोनशे चाळीस. जिवंत रोपं एकाहत्तर. वाळलेली एकशे एकोणसत्तर. मोजणारीनं दोनदा मोजलं. आकडा तोच आला.

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. माझी लांबी चार फूट दहा इंच, वजन साडेसहा किलो. ती मोजणी चालली होती तेव्हा मी फाटक वाऱ्यानं बंद होऊ नये म्हणून त्याला टेकू देऊन उभी होते.

माझा जन्म काळेवाडीतला. ट्रकचा एक मोडका ॲक्सल लोहार रियाजभाईंनी भंगारातून निवडला, भट्टीत तीनदा लाल केला, एक टोक अणकुचीदार तर दुसरं चपटं केलं आणि मला पाणी दिलं. पुढची अठरा वर्षं मी मोशीत राबले. शेतं जाऊन इमारती आल्या, त्यांतल्या कितीतरी इमारतींच्या पायाचा पहिला दगड मी हलवला आहे. खंडेनवमीला मला झेंडूचं फूल मिळायचं. मग दगड फोडायला आणि खड्डे खणायला यंत्रं आली. दोन वर्षं मला कोणी उचललंच नाही. एका कंत्राटदाराच्या टेम्पोतून मी निघोज्याला आले, ती फाटकाचा टेकू म्हणून.

मोजणारी मुलगी म्हणजे दिव्या. वनस्पतिशास्त्र शिकून नुकतीच कामाला लागलेली. या जागेत कंपनीला झाडं लावायची होती. कोणती, याची यादी तिनंच केली होती. करंज, जांभूळ, कांचन, बेहडा. सगळी देशी झाडं, या जिल्ह्यात पूर्वापार वाढणारी. यादी वाचून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. खड्डे खणून घ्यायचं काम कंपनीच्या नवनाथकडे होतं. तो कारखान्यात जुळणी विभागाचा सुपरवायझर. तीन मीटरवर एक खड्डा, प्रत्येक खड्डा दोन फूट, असा नकाशा त्यानं आखून घेतला होता.

आता कंपनीचे मोठे साहेब म्हणत होते, जगत नसेल तर कशाला पाणी घालायचं? त्यापेक्षा सपाट करून कंटेनर उभे करू. महिनाअखेरीस निर्णय व्हायचा होता.

शालनबाई या जागेला पाणी घालायच्या. गावातल्याच, साठीच्या. त्या फाटकापाशी आल्या आणि त्यांनी मला उचललं. फाटक धाडकन आपटलं.

"अहो मावशी, फाटक!" नवनाथ ओरडला.

"ऱ्हाऊ दे फाटक. दिव्याताई, हिकडं या जरा."

वाळलेल्या करंजाच्या शेजारी, न खणलेल्या जमिनीत त्यांनी मला जोरात मारलं. मी आत गेले आणि थांबले. जो आवाज आला तो मला ओळखीचा होता. ठण्ण.

"ऐकलं का? खाली कातळ हाय."

"पण मावशी, खड्डा दोन फुटांचा आहे. मी स्वतः टेपनं मोजलाय."

"वरनं मोजलाय तुमी."

दिव्यानं ते रोप उपटलं. मूळ हाताच्या कोपरासारखं काटकोनात वळलेलं होतं. तिनं माझ्यावर खडूनं खूण केली आणि टेप लावला. साडेसात इंच. मग तिनं नवनाथकडे पाहिलं. नवनाथनं टोपी काढून पुन्हा घातली.

"खड्डे पाडायचा ऑगर खालीच जाईना, मॅडम. ड्रॉइंगमध्ये दोन फूट होतं. मग बाहेरून माती आणली, भोवती कठडा केला आणि दोन फूट भरून काढले. सगळे खड्डे एकसारखे दिसले पाहिजेत ना?"

"एकसारखे दिसले, भाऊ," शालनबाई म्हणाल्या. "एकसारखेच वाळले."

पुढचे चार दिवस मी प्रत्येक मेलेल्या रोपाशेजारी उतरले. एकशे एकतीस ठिकाणी एक फुटाच्या आत खडक लागला. उरलेल्या अडतीस ठिकाणी माती खोल होती, पण ती ओढ्याच्या वळणावर होती आणि तिथे पावसाळाभर पाणी साचत होतं. दिव्या प्रत्येक आकडा वहीत उतरवायची. तिसऱ्या दिवशी तिनं वही मिटली आणि बांधावर बसली.

"मावशी, यादी माझी होती. जिल्ह्यात काय वाढतं ते मी पाहिलं. इथं काय वाढतं ते पाहिलंच नाही."

शालनबाईंनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि कुंपणापलीकडच्या माळाकडे हात केला. तिथं तरवड पिवळा फुलला होता, मधेमधे हेंकळीची काटेरी झुडपं होती, आणि हिवराची दोन झाडं. "त्यास्नी कुनी पानी घातलंय का?"

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा नवनाथ तिला म्हणाला, "ऑगर खराब होता असं लिहा ना. मशीनला काय फरक पडतो? यादी चुकली असं लिहिलंत तर पुढचं काम देतील का तुम्हाला?"

दिव्यानं लिहिलं: जमीन न तपासता यादी केली, ही चूक माझी. मग कागद नवनाथसमोर ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला. मग खाली आपल्या हातानं कठड्यांची हकिकत लिहिली आणि सही केली.

साहेबांनी एक वर्ष दिलं. माळावरची झुडपं लावली तर तीही मोजायला कबूल झाले. पुढच्या फाल्गुनात दोनशे चाळीसपैकी एकशे ऐंशी जिवंत हवीत, नाहीतर कंटेनर.

त्याच वसंतात दिव्या, शालनबाई आणि नवनाथ या तिघांनी माळावरून तरवडाच्या शेंगा गोळा केल्या, हेंकळीचं बी वेचलं, वैशाखात हिवराच्या शेंगा आणल्या. ओढ्याच्या वळणासाठी वाळुंजाच्या फांद्या ठरल्या. त्या ओल्या जमिनीतच रुजतात. पिशव्यांतली रोपं वीतभरच झाली तेव्हा नवनाथ हसला. "साहेबांना ही दाखवायला भिंग आणावं लागेल, मॅडम!" पण आषाढात कठडे फोडायला पहिला तोच वाकला. मला चालवून चालवून त्याच्याही तळहाताला फोड आले.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला झाडाबद्दल फारसं कळत नाही. मला एवढंच माहीत आहे की वरून जमीन सगळीकडे सारखी दिसते, आणि आत ती दर दहा पावलांवर बदलते. म्हणून रोपाचं नाव ठरवण्याआधी त्या जागी हातभर खणून पाहा. खडक लागला तर तो झाकू नका. त्यावर काय जगतं ते शेजारच्या माळावर शोधा. आणि लावलेलं रोप मेलं, तर ते कशानं मेलं हे पाहिल्याशिवाय त्याच खड्ड्यात दुसरं लावू नका.

फाल्गुनात पुन्हा मोजणी झाली. मोजणाऱ्या तिघांनी वेगवेगळं मोजलं आणि मग आकडे जुळवले. आधीची रोपं: एकाहत्तरपैकी अडुसष्ट जिवंत. वाळुंज: अडतीसपैकी एकतीस. तरवड, हेंकळ आणि हिवर: एकशे एकतीसपैकी नव्वद. एकूण एकशे एकोणनव्वद. हवी होती एकशे ऐंशी.